जर्मन जोडशब्दाचं कूळ-मूळ कसं शोधायचं

जर्मन जोडशब्द दिसला की आपण काय करतो, मधोमध तोडतो, दोन्ही तुकड्यांचे आजचे अर्थ शेजारी ठेवतो आणि सुटलं म्हणतो. हांटशूला हे चालतं, हाताचा बूट म्हणजे हातमोजा, विषय संपला. पण सगळे शब्द इतके सरळ नसतात.

तोडायला सुरुवात शेवटाकडून करा. शेवटचा तुकडा मुख्य असतो, शब्दाचं लिंगही त्याचंच. मधे एखादा स लटकत असेल तर त्याच्यात अर्थ शोधत बसू नका, आर्बाइट्सझिमर म्हणजे कामाची खोली, त्यातला स नुसता सांधा आहे.

मग डीडब्ल्यूडीएस या फुकट ऑनलाइन डिक्शनरीत शब्द टाका आणि खाली एटिमॉलॉजीच्या, म्हणजे शब्दाच्या उगमाच्या भागात जा. तिथे ए-एच-डी असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे साधारण 750 ते 1050 या काळातली जुनी जर्मन. तोडायचं ते हे जुनं रूप, आजचं नाही!

उदाहरणार्थ माउलवुर्फ, जमिनीत बिळं करणारा तो मोल. आजच्या जर्मनमध्ये माउल म्हणजे प्राण्याचं तोंड आणि वुर्फ म्हणजे फेक, म्हणजे तोंडाने माती फेकणारा? अहो तो माती पंजांनी उकरतो. जुन्यात मूवुर्फ मिळतं, त्यातला मू म्हणजे ढीग, तो कळेनासा झाल्यावर लोकांनी तिथे मातीवाचक मोल्ट बसवला, पुढे मोल्टही विसरले आणि कानाला जवळचं वाटलं म्हणून माउल घुसवलं. याला फोक एटिमॉलॉजी म्हणतात आणि जर्मनमध्ये ती पावलोपावली भेटते.

एखाद्या तुकड्याला आज अर्थच लागत नसेल तर उलट खूश व्हा, जुना शब्द तिथेच दडलेला असतो. हिम्बेरे म्हणजे रास्पबेरी, त्यातल्या हिमचा आपल्या हिमाशी काही संबंध नाही, जुनं रूप हिंटबेरी, हरिणीचं बोर. आणि वेअरवोल्फ, म्हणजे गोष्टीतला लांडगा होणारा माणूस, त्यातला वेअर म्हणजे आजच्या जर्मनमधला 'कोण' नाही, तो जुना 'माणूस', लॅटिन विर आणि संस्कृत वीर यांचा सख्खा भाऊ. मला तर हा शब्द सगळ्यात आवडतो.

शेवटी एकदा बघून घ्या की शब्द मुळात जर्मन आहे तरी का. हेंगेमाटे, म्हणजे झोपायची झोळी, अगदी 'टांगायची चटई' वाटते ना? पण तो कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांचा हामाका, स्पॅनिश, फ्रेंच करत डच लोकांकडे पोचला, त्यांनी त्याचं हांगमाट केलं आणि जर्मनांनी तेच उचललं. तोडायला तिथे मुळात जोडच नव्हता.