टेरारियमची मागची भिंत: बाइंडर ठरवण्याआधीची तयारी

टेरारियम म्हणजे झाडं आणि प्राणी ठेवायची काचेची टाकी, आणि बाइंडर म्हणजे तिच्या मागच्या भिंतीवर कोकोपीट, साल वगैरे धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तो विकत घेण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहून ठेवा: भिंतीला पाणी किती आणि कसं लागणार, आणि तिच्यावर कोण चढणार. कोकोपीट की सालीचे तुकडे, रंग कोणता, कपारी किती, हे सगळं नंतर. दिसण्यातली उणीव झाडं वाढली की झाकली जाते. भिंत भिजून भुसभुशीत झाली किंवा काचेपासून सुटली, तर मात्र प्राणी, झाडं, माती सगळं बाहेर काढावं लागतं.

पाण्याचा अंदाज नीट घ्या. नुसती दमट हवा वेगळी, रोजची फवारणी वेगळी, भिंतीवरून ओघळणारं पाणी वेगळं आणि कायम पाण्याखाली राहणारा खालचा पट्टा अगदीच वेगळा. एकाच भिंतीवर यातले दोन-तीन प्रकार असू शकतात. तेव्हा वर एक बाइंडर आणि पाण्यालगत दुसरा वापरायला काहीच हरकत नाही. मग प्राण्याचा विचार करा. बेडकांची त्वचा पाण्याबरोबर त्यात विरघळलेलं बरंच काही आत ओढून घेते, म्हणून त्यांच्यासाठी रसायनांबाबत सगळ्यात कडक राहा. वाळवंटी सरड्यांना ओलाव्याचा प्रश्न नाही, पण त्यांची नखं मऊ थर उकरून काढतात. खाद्य म्हणून सोडलेले किडेही थर्मोकोल आणि फोम कुरतडतात, त्यामुळे वरचा थर टणक हवा.

फवारणीच्या दमट टाकीसाठी माझी पहिली पसंती सिलिकॉनला. ट्यूबवर '१०० टक्के सिलिकॉन' लिहिलंय ना आणि बुरशीनाशक मिसळलेलं नाही ना, हे आधी पाहा. बाथरूमसाठी विकलं जाणारं सिलिकॉन बहुतेकदा बुरशीनाशकाचं असतं. ते इथे नको. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार घट्ट होताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतो. हा वास काही दिवसांत जातो आणि काचेवर पकड उत्तम येते. मात्र सिमेंटवर हा प्रकार लावू नका. सिमेंटमधला चुना त्या आम्लाशी क्रिया करतो आणि पकड सुटते. टाकी काचेची नसून अ‍ॅक्रिलिकची असेल तर सिलिकॉनवर फार भिस्त ठेवू नका, तिथे ते नीट धरत नाही.

किती लागेल याचा हिशेब आधीच करा, कारण अर्ध्या भिंतीवर ट्यूब संपणं फार त्रासाचं होतं. ६० बाय ४५ सेंटिमीटरच्या भिंतीवर २ मिलिमीटरचा थर द्यायचा तर ५४० मिलिलिटर सिलिकॉन लागतं. मोठी ट्यूब साधारण ३०० मिलिलिटरची असते, म्हणजे दोन जेमतेम पुरतील. तीन आणून ठेवा. रंग काळा किंवा तपकिरी घ्या, म्हणजे कोकोपीट निसटलेल्या जागी पांढरे डाग डोळ्यांत येणार नाहीत.

टाकी पाठीवर आडवी ठेवा. कोकोपीट आधी पूर्ण वाळवून, चाळून, हाताशी ठेवा. ओलसर असेल तर ते सिलिकॉनला धरतच नाही. सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरू लागते, म्हणून तळहाताएवढ्या दोन-तीन भागांपुरतंच पसरा, वर मूठभर कोकोपीट टाका आणि हातमोज्याच्या तळव्याने जोर देऊन दाबा. नुसतं भुरभुरवलं तर दुसऱ्या दिवशी टाकी उभी केल्यावर निम्मं खाली येतं. ती टाकी उभी करण्याची वेळ महत्त्वाची: सुटं सगळं झटकून काढा आणि तिरपा उजेड टाकून उघडे चट्टे शोधा. चट्टे बुजवायला पुन्हा सिलिकॉनच लागेल, कारण घट्ट झालेल्या सिलिकॉनवर लाकडाचा गोंद किंवा रंग नीट चिकटत नाही. रंग द्यायचा बेत असेल तर तोही इथेच सोडून द्या.

पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद हा दुसरा चांगला पर्याय आहे. त्यात पीट (दलदलीतली कुजलेल्या शेवाळाची माती) किंवा कोकोपीट कालवून लगदा केला की मुळांना शिरता येईल असा पोत मिळतो, जो सिलिकॉनच्या पातळ थराला जमत नाही. लेबलवर ईएन २०४ या मानकाचा वर्ग शोधा. डी१ ते डी४ यांत डी४ पाण्याला सर्वांत जास्त टिकतो. टाइटबाँड ३ हा गोंद या कामासाठी शौकीन लोक बराच वापरतात, पण कायम पाण्यात बुडणाऱ्या जागी तो वापरू नये असं उत्पादकच सांगतो. म्हणून हा लगदा पाण्याच्या रेषेच्या वरच ठेवा. थर एका सेंटिमीटरच्या आत असू द्या. जाड थर वरून वाळलेला दिसतो, आतून आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि तिथेच बुरशी धरते.

पॉलियुरेथेन फोमची (डब्यातून फवारला की फुगून घट्ट होणारा फेस) गणना मी बाइंडरमध्ये करत नाही. तो आकार देतो, वरचा थर धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतंच. फोम वापरणार असाल तर काचेवर आधी सिलिकॉनचा हात फिरवून ते घट्ट होऊ द्या, टाकी पाठीवर आडवी ठेवा आणि पातळ थरांत भरा. फवारताना खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले आणि जवळपास ज्योत नाही, हे पक्कं करा, कारण डब्यातला वायू पेट घेतो. घट्ट झाल्यावर वरची चकचकीत साल सुरीने पूर्ण काढा. उघड्या छिद्रांवर पुढचा थर जास्त चांगला बसतो.

वाळवंटी भिंतीसाठी थर्मोकोल किंवा फोमवर टाइल ग्राउट (फरशांच्या फटी भरायचं मिश्रण) हा सोपा मार्ग. पहिला हात पातळ, म्हणजे तो फटींत शिरतो. पुढचे दोन-तीन दाट. प्रत्येक हातानंतर दिवसभर थांबा आणि अधूनमधून पाणी शिंपडा, नाहीतर भेगा पडतात. दमट टाकीत सिमेंटचं ग्राउट वापरायचं तर भिंत टाकीबाहेर करा. ताज्या सिमेंटमध्ये मुरलेल्या पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो. भिंत पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा आणि त्या पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याइतका येईपर्यंत पुढे जाऊ नका. तिथे घाई बेडकाच्या त्वचेला भोवते.

धबधबा किंवा पाण्याखालचा भाग असेल तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग एकत्र कालवले की घट्ट होणारा गोंद. दोन्ही भाग वजनकाट्यावर किंवा मापाने, डब्यावर सांगितल्याप्रमाणेच घ्या. प्रमाण चुकलेलं इपॉक्सी कायम चिकट राहतं, त्याला नंतर उपाय नाही. थोडंथोडं कालवा, एकाच भांड्यात जास्त केलं तर ते तापतं आणि हातातच घट्ट होतं.

बाइंडर कोणताही ठरो, काचेच्या एका तुकड्यावर नमुना करा. वापरणार आहात तोच पीट, तीच जाडी. पूर्ण वाळू द्या, मग आठवडाभर पाण्यात ठेवा आणि अंगठ्याने जोरात चोळा. अंगठ्याला चिखल लागला, थर पांढुरका पडला किंवा कडेने नख आत गेलं तर तो बाइंडर त्या जागेसाठी नाही.

कामाच्या दिवशी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, बाजूच्या काचांना मास्किंग टेप लावा, टाकीच्या तळाशी कागद अंथरा. वाळण्यासाठी हातात वेळ असेल तेव्हाच सुरू करा. सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होत जातं, चोवीस तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर, म्हणून जाड गोळे असलेल्या भागाला जास्त दिवस द्या. शेवटी टाकी झाकून रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी झाकण उघडताच हुंगा. वास असेल तर झाकण उघडं टाकून आणखी काही दिवस थांबा. वास नसेल तर आधी झाडं आणि फवारणी सुरू करा, प्राणी दोन-तीन आठवड्यांनी.