आधी जत्रेत विकलं, मग पेटंटला आलात? या चुका टाळा

फोंड्याला माझं छोटं ऑफिस आहे, पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्कचे अर्ज लिहायचं काम करते. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं येतात, सुतार येतात, काजू फॅक्टरीवाले येतात, मधे एक दातांचे डॉक्टर येऊन गेले. वस्तू दरवेळी वेगळी, चुका मात्र त्याच त्याच. चांगली डोक्याची माणसं केवळ क्रम चुकल्यामुळे हातचं घालवून बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

जगाला दाखवून झाल्यावर अर्ज करायला येणं

माझ्याकडे येणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

डिचोलीकडचे एक सुतार टॉवेलात गुंडाळून एक लाकडी ट्रक घेऊन आले. आपल्याकडे खाणीवर चालायचे ना, तसा हौदावाला. माझ्या टेबलावरची जाड फाइल त्यांनी तिरकी लावली, ट्रक तिच्यावर चढवला, पुढची चाकं वर गेली तशी आतून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला आणि हौदा आपोआप उचलला गेला, आतले चिंचोके सगळे टेबलावर. फाइल काढून ट्रक सपाट ठेवला तर हौदा टप्पकन खाली. स्प्रिंग नाही, सेल नाही, दोरी नाही. खाली चेसीत एक खाच कोरलेली, तिच्यात मोठ्या बेअरिंगची लोखंडी गोळी. चढावर गोळी मागे येऊन हौद्याच्या दांड्यावर बसते, दांडा दबतो, हौदा उठतो. खाच किंचित पुढच्या बाजूला उतरती ठेवलीय, त्यामुळे ट्रक सपाट झाला की गोळी आपली पुढे. मी पाच-सहा वेळा चालवून बघितला.

"ताई, याचं पेटंट करून द्या," म्हणाले.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, आतापर्यंत कुणाकुणाला दाखवलंत?

"कुणाला नाही हो. फक्त म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत थोडे विकले. गेल्या वर्षी आणि यंदा."

आणि भाच्याने व्हिडिओ काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, तो पुढे कुठे कुठे गेला त्याचा हिशोबच नाही. ते माझ्याकडे आले तेही शुक्रवारच्या बाजारात तसाच प्लास्टिकचा ट्रक बघितल्यावर.

आता हे त्यांना कसं सांगायचं? कायद्याला "थोडे" हा शब्द कळत नाही. अर्जाच्या तारखेआधी वस्तू लोकांसमोर आली, विकली गेली, छापून आली, की ती नवी राहत नाही, मग ती तुम्हीच आणलेली असली तरी. बारा महिन्यांची सवलत आहे ना, असं नेटवर वाचून लोक येतात. ती आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनासाठी, किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी, अशा मोजक्या गोष्टींना. जत्रेतला स्टॉल त्यात बसत नाही, कॉलेजचा टेक फेस्टही आपोआप बसत नाही, आणि इन्स्टाग्राम तर नाहीच नाही. बरं, पेटंट गेलं तर निदान आकाराचं डिझाइन रजिस्टर करू म्हणावं (२००० च्या डिझाइन कायद्यात दहा वर्षं मिळतात, वर पाच वाढवून), तर तिथेही आधी उघड झालेला आकार चालत नाही.

मग मी विचारलं, अजून न विकलेलं असं घरात काय आहे? तेव्हा कळलं की चढ कमी-जास्त असला तरी हौदा बरोबर उठावा म्हणून त्यांनी दांड्यावर एक सरकणारी खुंटी बसवली होती, फक्त एकाच ट्रकाला, आणि तो ट्रक घराबाहेर गेलाच नव्हता. तेवढ्या खुंटीचा अर्ज केला. मूळ ट्रक गेला तो गेलाच.

माझी पद्धत साधी आहे. वस्तू चालायला लागली की आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, जो बारा महिन्यांत सविस्तर, म्हणजे कम्प्लीट करायचा असतो. एकट्या माणसाला ऑनलाइन भरायला सरकारी फी १६०० रुपये, गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसात जातात, घरबसल्या भरता येतो, नंबर आणि तारीख हातात पडते. मग खुशाल जत्रेत जा. ज्या कारागिराकडून सुटा भाग करून घ्यायचा त्याच्याकडून गुप्ततेचा कागद सही करून घ्यायचा, मग तो सख्खा मावसभाऊ असला तरी. लोकांना हे ओशाळवाणं वाटतं. मला नाही वाटत, आणि ज्यांना वाटलं त्यातले काही नंतर माझ्यासमोर बसून रडलेत.

आणखी एक, स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने बंद लिफाफा पाठवून "माझ्याकडे पुरावा आहे" म्हणणारे अजून भेटतात. आपल्याकडे आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क, तो लिफाफा पेटंट ऑफिसात काही कामाचा नाही.

प्रोव्हिजनल म्हणजे चार ओळी असं समजणं

"आत्ता थोडक्यात टाकूया, नंतर सविस्तर." नको! प्रोव्हिजनलमधे जे लिहिलंय त्यालाच ती तारीख मिळते. मुख्य भाग लिहायचाच राहिला आणि तो बारा महिन्यांनी कम्प्लीट अर्जात घातला तर त्या भागाला नंतरचीच तारीख, आणि मधल्या काळात तुम्ही जत्रा करून आलेला असता. मी दहा-बारा पानं लिहून घेते, हाताने काढलेली चित्रं चालतात, पण प्रत्येक भागाला नंबर हवा. लिहून झालं की ते पान शेजारच्या दुकानदाराला नाही दाखवायचं (वर काय सांगितलं?), घरातल्याच कुणाला तरी द्यायचं आणि विचारायचं, यावरून तुला ही वस्तू करता येईल का? तो अडला तिथे अजून दोन ओळी घालायच्या.

बारा महिने म्हणजे बारा महिने. तेराव्या महिन्यात फोन करून उपयोग नाही.

आजीच्या औषधाचं पेटंट मागणं

ही माझी दुसरी दुखरी जागा. सत्तरीकडच्या एक बाई भिरंडेलाची वडी घेऊन आल्या होत्या. भिरंडेल म्हणजे भिरंडीच्या, कोकमाच्या बियांचं तेल, थंड झालं की थिजून पांढरट पिवळं होतं, थंडीत टाचा फुटल्या की आपण दिव्यावर धरून, वितळवून लावतो ते. त्यात त्यांनी हळद आणि राळ घातली होती, वास छान, लावलं की टाच मऊ. घरात चार पिढ्या चाललेलं. "याचं पेटंट घ्यायचंय, नाहीतर कुणी कंपनी उचलेल."

भीती खोटी नाही. १९९५ मधे अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर चक्क पेटंट दिलं गेलं होतं, मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला. ते सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने लढून १९९७ मधे रद्द करून घेतलं, आणि तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या माशेलचे. पण ते पेटंट कशाने पडलं ते बघा. हे आम्हाला आधीपासून माहीत आहे, हे जुन्या छापील पुराव्यांनी दाखवलं म्हणून पडलं, त्यात १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय लेखही होता. म्हणजे ज्या कारणाने मिसिसिपीवाल्यांचं गेलं, त्याच कारणाने तुमचंही मिळणार नाही. आपल्या कायद्यातलं कलम ३(पी) पारंपरिक ज्ञान बाहेर ठेवतं, ३(ई) नुसत्या मिश्रणाला बाहेर ठेवतं, आणि उपचाराची पद्धत ३(आय) मधे अडते. आणि गोव्यात बसून तर हे विसरूच नका, गार्सिया द ऑर्ता नावाच्या वैद्याने इथल्या औषधी द्रव्यांवर लिहिलेलं पुस्तक १५६३ मधे गोव्यातच छापलं गेलंय. साडेचारशे वर्षांचं छापील कागदपत्र तुमच्या आधी उभं आहे.

मिश्रणाला पेटंट मिळतच नाही असं नाही. तीन वस्तू एकत्र केल्यावर प्रत्येकीचा सुटा परिणाम जोडून जेवढा होतो त्याहून जास्त काहीतरी घडतं, हे प्रयोगाच्या आकड्यांनी दाखवावं लागतं. औषधाचं नवं रूप असलं तरी सुटका नाही, ग्लिव्हेक हे कॅन्सरचं औषध घ्या, त्याच्या नव्या स्फटिकरूपावरचं पेटंट नोव्हार्टिस कंपनीला सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला नाकारलं, कारण ३(डी) प्रमाणे औषध म्हणून जास्त गुणकारी आहे हे दिसलं नाही. शिवाय इथली झाडं-बिया वापरल्या तर जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाचं बघावं लागतं, ते अर्जातच विचारतात.

मी त्या बाईंना विचारलं, तुम्हाला पैसे हवेत की दुसऱ्याने बंद करून टाकू नये एवढंच हवंय? त्या म्हणाल्या, दुसरंच. मग उपाय उलटा. तारखेसकट, प्रमाणासकट छापून टाका. एकदा छापलं की कुणालाच ते नवं म्हणून मागता येत नाही. त्यांनी एका मासिकात लेख दिला, वड्यांना नाव ठरवून ट्रेडमार्कचा अर्ज केला, आता त्या वड्या त्याच नावाने विकतात. इन्सुलिनवाल्यांना पेटंट मिळालं, पण ते त्यांनी १९२३ मधे एकेका डॉलरला टोरोंटो विद्यापीठाला देऊन टाकलं होतं. औषधाच्या बाबतीत "माझंच" सोडून इतरही रस्ते असतात.

"गुगलवर बघितलं, असलं काही नाही"

दुकानात नाही म्हणजे जगात नाही असं नव्हे. कित्येक पेटंटं बाजारात कधी आलेलीच नसतात. मोनोपोली हा खेळ चार्ल्स डॅरोच्या नावावर १९३५ मधे पेटंट झाला खरा, पण लिझी मॅगीचं तसल्याच खेळाचं पेटंट १९०४ चं होतं, शेवटी पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने तिचं १९२४ चं सुधारित पेटंट ५०० डॉलरला विकत घेतलं. एवढ्या मोठ्या कंपनीला मागे जावं लागलं तर आपण कोण.

मी शब्दांनी शोधत नाही, वर्गाने शोधते, म्हणजे पेटंटला विषयाप्रमाणे जो ठरलेला कोड असतो त्याने. खेळणी ए६३एच, पटावरचे खेळ ए६३एफ, औषधं ए६१के, काजू फोडायची यंत्रं ए२३एन, दुकानदारी आणि पैशांचे व्यवहार जी०६क्यू. गुगल पेटंट्स किंवा एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या साइटवर वर्ग टाकायचा आणि आधी फक्त चित्रं बघत जायचं, मजकूर नाही. एक पूर्ण दुपार जाते. ज्यांना एक दुपार द्यायची नसते त्यांनी वीस वर्षांचा हक्क मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲपचं पेटंट

आठवड्यातून एकदा तरी कुणी "मासळी घरपोच" किंवा "पर्यटकांना स्कूटर" छापाची आयडिया घेऊन येतं. धंद्याची पद्धत आणि नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम ३(के) मधे बाहेर. अमेरिकेत ॲमेझॉनला १९९९ मधे एका क्लिकवर खरेदीचं पेटंट मिळालं हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो कायदा तिथला. तुमच्या यंत्रणेत खरंच काही तांत्रिक सुधारणा असेल तर बोलू, नाहीतर नाव रजिस्टर करा आणि चांगली मासळी द्या.

घाई उलट्या बाजूनेही नडते

कागदावरची कल्पना आहे, मॉडेल नाही, पैसे नाहीत, पण अर्ज आजच हवा. घड्याळ अर्जाच्या तारखेपासून चालू होतं. बारकोडचं बघा, तो शोधणारा वुडलँड मियामीच्या किनाऱ्यावर बसून वाळूत बोटांनी रेघा ओढत होता, तिथे ती कल्पना आली, १९५२ मधे पेटंट मिळालं, आणि दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली १९७४ मधे. तोवर पेटंट संपलेलं. पुढच्या बारा महिन्यांत कम्प्लीट अर्ज करायची ताकद असेल तेव्हाच प्रोव्हिजनल टाका, तोवर तोंड बंद ठेवणं फुकट आहे.

बाकी थोडक्यात. तपासणीची विनंती, फॉर्म १८, वेगळी भरावी लागते, २०२४ च्या नियमांनंतरच्या अर्जांना ३१ महिन्यांत, नाही भरली तर अर्ज मागे घेतला असं धरतात, आणि नुसता अर्ज टाकून पेटंट येईल म्हणून वाट बघत बसलेले लोक मला दर वर्षी भेटतात. पेटंट मिळालेलं नसताना डब्यावर "पेटंटेड" छापू नका, त्याला दंड आहे. "वर्ल्ड पेटंट" नावाची चीज नाही, कुणी विकत असेल तर उठून या. लंडनला भाऊ आहे, तिथूनच आधी अर्ज करूया, हे आपल्याकडे फार चालतं. तुम्ही इथे राहत असाल तर आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा किंवा परवानगी काढा, नाहीतर इथलं गेलंच समजा. पेटंट मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासूनची (वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजायची) वार्षिक फी कॅलेंडरवर लिहून ठेवा, मी गणपतीच्या पानावर सगळ्यांच्या तारखा एकदम तपासते.

ते सुतार मागच्या महिन्यात परत आले होते, पुन्हा टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं. दार लावून घेतलं, मला टेबल मोकळं करायला लावलं आणि गाठ सोडायच्या आधी म्हणाले, "ताई, हे बायकोनेसुद्धा बघितलेलं नाही." त्याच संध्याकाळी अर्ज भरला.