पुरुमेंताची सोलं पारखून कशी घ्यावीत

पुरुमेंत, म्हणजे गोव्यात पावसाळ्यासाठी करून ठेवायचा साठा, भरताना सुकी मासळी आणि मिरची आपण हातात घेऊन, वास घेऊन, भाव पाडून घेतो. सोलं, म्हणजे कोकमाच्या सुकवलेल्या साली, मात्र नुसता काळा रंग बघून पिशवीत पडतात. मग जुलैत बांगड्याच्या हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, मूठभर टाकली तरी आंबटपणा येत नाही. सोलांचा कस रंगावर नाही, पुटांवर ठरतो.

एप्रिल-मेमध्ये पिकलेली भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया आणि गर वेगळा करतात. त्यात मीठ घातलं की रस सुटतो. साली उन्हात सुकवायच्या, त्या रसात बुडवायच्या, पुन्हा सुकवायच्या. हे झालं एक पुट. चार-पाच पुटं मिळालेली साल जाड आणि जांभळटकाळी होते, एका पुटाची पातळ आणि तपकिरी राहते. सरबतासाठी साखरेत मुरवून रस काढून घेतलेल्या सालीही सुकवून सोलं म्हणून विकल्या जातात. घेताना सर्वांत जपायचं ते यांच्यापासून.

नवा माल मेच्या मध्यापासून येऊ लागतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, घेणार असाल तर सकाळी जा, उजेडात माल नीट दिसतो. एक सोल उन्हासमोर धरा. नव्याच्या कडेला लालसर जांभळी झाक दिसते, गेल्या वर्षीचं पुरतं काळं असतं. जुनं म्हणजे वाईट नव्हे, हुमणाला ते चालतं. सोलकढीला गुलाबी रंग हवा असेल तर मात्र नवंच घ्या.

आता मूठभर सोलं दाबून सोडा. गोळा होऊन हळूहळू सुटली तर सुकवण बरोबर. तळहात ओला झाला तर माल अर्धवट सुकलेला आहे: तुम्ही पाण्याचे पैसे देताय आणि पावसात त्याला बुरशी येणार. पानासारखी कुरकुरीत मोडली तर ती फार जुनी.

मग एक सोल घडीत बोट घालून उघडा. खरी गोष्ट आतच असते. अंगणात जमिनीवर वाळवलेल्या सोलाच्या सुरकुत्यांत वाळू लपते, ती बोटाला कचकचते. कधी बियांचे तुकडे चिकटलेले असतात, वजन त्यांचंही भरतं. पांढरं दिसलं तर चोळून बघा. खरखरीत आणि पाण्यात विरघळणारं ते मीठ. कापसासारखं, कुबट वासाचं ती बुरशी. ते सोल धुऊन वापरू नका.

शेवटी तुकडा जिभेवर ठेवा. आधी आंबट लागून मागाहून खारट लागायला हवं. मीठच पुढे आलं तर ते वजनासाठी घातलंय असं समजा. सरबतासाठी बिनमिठाची सोलं वेगळी मागून घ्या.

पाकीट घेणार असाल तर घटकांत कोकम आणि मीठ एवढंच असावं. रंग लिहिला असेल तर पाकीट परत ठेवा. पॅकिंगची तारीखही बघा.

पहिल्या खेपेला पाव किलोच घ्या आणि घरी तपासा. वाटीभर पाण्यात दोन सोलं टाका. पाणी सावकाश गुलाबी व्हायला हवं. टाकल्याटाकल्या भडक लाल झालं तर शंका घ्या. त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. कोकमाचा स्वतःचा रंग पालटून निळसर किंवा हिरवट होतो. तसाच लाल राहिला तर तो रंग वरून घातलेला असण्याची शक्यता मोठी.

पसंत पडली तर पुढच्या शुक्रवारी विकणाऱ्या त्याच बाईकडून उरलेली घ्या. घरी आणून एक दिवस कडक ऊन द्या आणि निवल्यावरच काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत भरा. गरम भरली तर आत वाफ धरते. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा डबा नको, आंबट आणि मीठ मिळून धातू खातात. काढताना हात कोरडा असू द्या. सोलं चांगली असली की चौघांच्या हुमणाला पाच-सहा पुरतात.