कॅन्सरची नवी चाचणी डॉक्टर खरोखर लिहून देतात का, हे गुंतवणूकदाराने कसे पडताळावे

कर्करोगनिदानाची नवी चाचणी बाजारात आणणारी कंपनी आपल्या तिमाही सादरीकरणात बहुधा एक आकडा ठळकपणे मांडते: आजवर इतक्या हजार डॉक्टरांनी आमची चाचणी लिहून दिली. हा आकडा खोटा नसतो. परंतु तो पहिल्या दिवसापासूनची बेरीज असतो, त्यामुळे तो कधीच खाली येत नाही. ज्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी कुतूहलापोटी एकदा चाचणी करून पाहिली आणि नंतर तिचे नावही काढले नाही, तेही त्यात कायमचे मोजलेले राहतात. अशाच एका आकड्यावर विसंबून मी एका कंपनीचे शेअर घेतले होते. नंतर नागपूरच्या धंतोलीतल्या ओळखीच्या तीन डॉक्टरांकडे चौकशी केली, तेव्हा तिघांनीही ती चाचणी एकेकदाच, आणि तीही कंपनीने विनामूल्य दिली तेव्हा, करून घेतल्याचे समजले. चौकशी आधी करून शेअर नंतर घ्यायला हवे होते, एवढाच काय तो बोध. पुढे जी पद्धत सांगितली आहे, ती त्यानंतर हळूहळू बसवलेली आहे.

सुरुवात घरबसल्या करता येते. कंपनी चाचण्यांची संख्या आणि त्या तिमाहीत चाचणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांची संख्या, असे दोन्ही आकडे देत असेल, तर पहिल्याला दुसऱ्याने भागावे. समजा, एका तिमाहीत १,००० डॉक्टरांनी ३,००० चाचण्या लिहून दिल्या आणि पुढच्या तिमाहीत १,३०० डॉक्टरांनी ३,३०० चाचण्या लिहून दिल्या. वरवर पाहता दोन्ही आकडे वाढले आहेत. पण नव्या ३०० डॉक्टरांनी प्रत्येकी एकच चाचणी केली असेल, तर जुने हजार डॉक्टर जिथे होते तिथेच आहेत. आणि नव्यांनी प्रत्येकी दोन केल्या असतील, तर जुन्यांकडून ३,००० ऐवजी २,७०० च आल्या, म्हणजे ते मागे सरकू लागले आहेत. कंपनी यांपैकी एकच आकडा देत असेल, किंवा पूर्वी देत असलेला आकडा एखाद्या तिमाहीपासून देईनाशी झाली असेल, तर कॉन्फरन्स कॉलच्या, म्हणजे तिमाही निकालांनंतर व्यवस्थापन गुंतवणूकदारांशी बोलते त्या संभाषणाच्या, उताऱ्यात त्याविषयी कोणी प्रश्न विचारला आहे का आणि व्यवस्थापनाने त्याला काय उत्तर दिले आहे, हे शोधावे. आपल्याकडच्या सूचीबद्ध पॅथॉलॉजी साखळ्यांच्या बाबतीत अडचण अशी की कर्करोगाच्या विशेष चाचण्या त्यांच्या एकूण विक्रीत मिसळून जातात. मेट्रोपोलिस या अशाच साखळीने डिसेंबर २०२४ मध्ये कोअर डायग्नोस्टिक्स ही मुख्यतः कर्करोगाच्या चाचण्या करणारी कंपनी विकत घेण्याची घोषणा केली. अशा व्यवहारानंतर त्या विभागाचे आकडे निदान काही काळ तरी वेगळे सांगा, असा आग्रह भागधारकांनी धरणे रास्त आहे.

डॉक्टरांनी चाचणी लिहून दिली म्हणजे ती झाली, असेही समजू नये. अमेरिकेतील एक्झॅक्ट सायन्सेस या कंपनीची कोलोगार्ड ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चाचणी याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यात रुग्णाच्या घरी एक डबा पाठवला जातो, रुग्णाने त्यात शौचाचा नमुना घेऊन तो परत पाठवायचा असतो, आणि जे डबे परत येत नाहीत त्यांच्यावर खर्च होतो पण उत्पन्न काहीच मिळत नाही. तेव्हा किती चाचण्या लिहून दिल्या गेल्या आणि किती अहवाल प्रत्यक्ष तयार झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि गुंतवणूकदाराला दुसऱ्याचे उत्तर हवे असते.

याच कंपनीने आणखी एक धडा दिला. कोलोगार्डला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता ऑगस्ट २०१४ मध्ये मिळाली होती. तरीही ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ गटाने आपल्या मसुद्यात या चाचणीला मुख्य शिफारशीत न घेता पर्यायी म्हणून बाजूला ठेवले, आणि एका दिवसात शेअरची किंमत जवळपास निम्मी झाली. जून २०१६ च्या अंतिम शिफारशीत मात्र तिचा समावेश झाला. सरकारी मान्यता असली तरी तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनेत चाचणी कुठे बसते, यावर डॉक्टरांचा हात मोकळा होतो की आखडतो ते ठरते. म्हणून आपण विचारात घेत असलेली चाचणी कोणत्या मार्गदर्शक सूचनेत आहे, कोणत्या रुग्णांसाठी आहे आणि तिथे ‘करावी’ असे म्हटले आहे की ‘करता येईल’ असे, हे मूळ मजकुरात वाचावे. नियामकाने दिलेल्या दर्जाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनाच्या कर्करोगाच्या रक्तचाचणीला २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाकडून ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’ हा दर्जा मिळाला. तो दर्जा म्हणजे तपासणीत अग्रक्रम देण्याची तयारी होय; विक्रीची मान्यता ही त्यापुढची वेगळी पायरी असते आणि बातम्यांच्या मथळ्यांत या दोहोंची सरमिसळ सर्रास होते.

डॉक्टर अभ्यासाचे आकडे कसे वाचतात, तेही समजून घेतले पाहिजे, कारण ते आपल्यासारखे फक्त पहिली ओळ वाचत नाहीत. कोलोगार्डचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सुमारे दहा हजार लोकांवर केलेला होता. त्यांच्यात ६५ जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला आणि चाचणीने त्यांपैकी ६० पकडले. शौचातील रक्त शोधणाऱ्या साध्या, स्वस्त चाचणीने ४८ पकडले. गुंतवणूकदार इथे थांबतो आणि खूश होतो. डॉक्टर पुढे जाऊन पाहतात की ज्यांच्यात गंभीर असे काहीच नव्हते, अशा सुमारे बाराशे लोकांनाही नव्या चाचणीने दोषी ठरवले, तर साध्या चाचणीने पावणेपाचशेच्या आसपास. या प्रत्येकाला पुढे कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, करावी लागणार, ती करणारे हात मोजकेच असणार, आणि घाबरलेल्या रुग्णाला समजावण्याचे काम शेवटी डॉक्टरांच्याच गळ्यात पडणार.

अहवाल आल्यावर डॉक्टर काही वेगळे करणार आहेत का, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. स्तनाच्या कर्करोगातील ऑन्कोटाइप डीएक्स ही २१ जनुकांची चाचणी २००४ पासून उपलब्ध आहे. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यावी की टाळावी, या एका निर्णयासाठी ती वापरतात, आणि दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा टेलरएक्स हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर, या चाचणीत धोक्याचा गुणांक मधला आलेल्या बहुतेक स्त्रियांना केमोथेरपीचा जादा लाभ होत नाही, हे स्पष्ट झाले. एवढा नेमका निर्णय बदलणारी चाचणीसुद्धा पक्क्या पुराव्यासाठी चौदा वर्षे थांबली, हे लक्षात ठेवून कंपनीच्या ‘तीन वर्षांत सर्वत्र’ अशा अंदाजाकडे पाहावे. आणि ऑन्कोटाइपचा खर्च भारतात लाखांच्या घरात जातो म्हणून बंगळूरच्या ऑन्कोस्टेमने कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही, नमुन्यातील प्रथिने रंगवून पाहण्याच्या, प्रयोगशाळांना परिचित असलेल्या पद्धतीवर आधारलेली, तुलनेने स्वस्त चाचणी आणली. मोठा पुरावा आणि परवडणारी किंमत यांत डॉक्टर काय निवडतात, हे शहरागणिक बदलते आणि म्हणून चौकशी शहरातच करावी लागते.

नागपूर या कामाला सोयीचे शहर आहे, कारण पैसे भरण्याच्या सगळ्या तऱ्हा इथे एकाच ठिकाणी दिसतात. धंतोली आणि रामदासपेठेत खासगी दवाखाने आहेत. मानेवाडा रस्त्यावर राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमध्ये एम्स, आणि शिवाय मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आहेतच. खासगी रुग्ण चाचणीचे पैसे बहुधा पदरचे भरतो, कारण आपल्याकडचा आरोग्यविमा प्रामुख्याने रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चाचा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी डॉक्टर योजनेबाहेरची महागडी चाचणी सहसा सुचवणारच नाहीत. त्यामुळे एकाच डॉक्टरांचे सकाळचे उत्तर आणि संध्याकाळचे उत्तर, म्हणजे ट्रस्टच्या रुग्णालयातले आणि स्वतःच्या दवाखान्यातले, वेगळे असू शकते, आणि दोन्ही खरी असतात.

भेट घ्यायची तर ओपीडी संपल्यावर घ्यावी, आपण गुंतवणूकदार आहोत हे आधीच स्पष्ट सांगावे आणि पंधरा मिनिटांत उठावे. ‘डॉक्टरसाहेब, ही चाचणी चांगली आहे का?’ असे विचारू नये. त्याला ‘हो, चांगली आहे’ याखेरीज उत्तर येत नाही. ‘या चाचणीला योग्य असे शेवटचे दहा रुग्ण आठवा, त्यांपैकी कितींना ती लिहून दिली, आणि ज्यांना दिली नाही त्यांना का नाही?’ असे विचारावे. दुसरा प्रश्न: ‘अहवाल उलट आला असता तर उपचार बदलला असता का?’ तिसरा: ‘अहवाल यायला किती दिवस लागतात?’ हा तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण इथे गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा इथून रुग्ण येतात, नातेवाइकांच्या मजुरीचे दिवस बुडतात, आणि ब्लॉक व स्लाइड्स, म्हणजे गाठीचे मेणात जपलेले तुकडे आणि त्यांच्या काचपट्ट्या, परगावी पाठवून तीन आठवडे वाट पाहण्यापेक्षा उपचार सुरू करणे डॉक्टरांना श्रेयस्कर वाटते. त्याचप्रमाणे पॅथॉलॉजिस्टना जरूर भेटावे. किती ब्लॉक कोणत्या कंपनीकडे जातात आणि नमुना अपुरा म्हणून किती परत येतात, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा चांगले ठाऊक असते.

विदर्भात आणखी एक कसोटी लावता येते. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यामुळे इथे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण विपुल आहेत, म्हणून लाळेवरून किंवा रक्तावरून तो ओळखणाऱ्या चाचणीला इथे मोठी बाजारपेठ आहे, असा युक्तिवाद ऐकू येतो. परंतु तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात डाग दिसतो, त्याचा तुकडा काढून तपासता येतो, आणि सरकारच्या तीस वर्षांवरील लोकांच्या तपासणी कार्यक्रमातही तोंडाची पाहणी डोळ्यांनीच करतात. नव्या चाचणीची स्पर्धा या जवळपास फुकटच्या पद्धतीशी आहे. रुग्ण पुष्कळ असणे आणि चाचणीची गरज असणे, यांची गल्लत कंपन्या नेहमी करतात आणि आपणही सोयीस्करपणे करतो.

कट प्रॅक्टिसचा विषय टाळून चालणार नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेण्यास २००२ च्या व्यावसायिक आचरण नियमांनी डॉक्टरांना मनाई केलेली आहे. हा प्रश्न डॉक्टरांना तोंडावर विचारणे अशिष्ट आहे आणि निरुपयोगीही. तो कंपनीच्या आर्थिक पत्रकांतून विचारावा. विक्रीला चाचण्यांच्या संख्येने भागून येणारी प्रत्यक्ष प्राप्ती छापील दरापेक्षा बरीच कमी असेल, विक्री-प्रसाराचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढत असेल, किंवा रुग्णालयांकडची येणी तिमाहीगणिक लांबत असतील, तर चाचणीचा स्वीकार कशाच्या बळावर टिकला आहे, याची शंका घ्यायला जागा आहे.

एक कायदेशीर मर्यादाही पाळावी. ज्या डॉक्टरांच्या रुग्णालयात कंपनीची चाचणी अभ्यासाखाली आहे, त्यांच्याकडून अप्रकाशित निष्कर्ष काढून घेऊन सूचीबद्ध शेअरचा व्यवहार करणे सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहारविरोधी (इनसायडर ट्रेडिंगच्या) नियमांत अडकू शकते. डॉक्टरांनी सहज बोलण्याच्या ओघात तसे काही सांगितले, तर तिथेच विषय थांबवावा आणि त्या शेअरला हात लावू नये. रुग्णाचे नाव किंवा अहवाल तर पाहायचाच नाही.

या भेटींची वही ठेवावी: तारीख, डॉक्टरांची शाखा, दहापैकी किती, का नाही, किती दिवस. आठ-दहा भेटींवरून देशभराचा निष्कर्ष काढता येत नाही, हे उघड आहे. पण सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तर दहापैकी दोन होते त्याचे चार झाले की शून्य, एवढे नक्की कळते, आणि तोवर कंपनीचे आणखी दोन तिमाही आकडे ताडून पाहायला हाताशी आलेले असतात.