कोकणकड्यावर रात्रीचे आकाश टिपायला जाताना

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, संध्याकाळी साडेसात वाजता मी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभा होतो. आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते, चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता, नैऋत्येला धनू राशी उतरणीला लागली होती आणि पायथ्याच्या पाचनई गावाहून अडीच तास खांद्यावर वाहून आणलेला ट्रायपॉड पाय पसरून तयार होता. त्यावर कॅमेरा बसवायची प्लेट मात्र नव्हती. ती नाशिकला बहिणीच्या घरी होती. पंधरा दिवसांपूर्वी भाचीच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे चित्रण करताना बहिणीच्या व्हिडिओ कॅमेऱ्याखाली ती मीच, नाणे घालून, घट्ट पिळून बसवली होती.

बरोबरच्या मित्राची जादा प्लेट लावून पाहिली, तर ती माझ्या बॉलहेडच्या, म्हणजे ट्रायपॉडच्या वरच्या फिरत्या डोक्याच्या, खाचेपेक्षा दोन-तीन मिलिमीटरने अरुंद निघाली. कागदाची घडी घालून ती अडकवली आणि कॅमेरा कलता होताच सगळे घसरून माझ्या तळहातावर आले. शेवटी सॅकवर कॅमेरा ठेवून भिंगाखाली दगड सरकवले. वीस सेकंदांच्या प्रत्येक चित्रात सॅक किंचित खचत होती, त्यामुळे एकही तारा ठिपक्यासारखा आला नाही. सगळे स्वल्पविरामासारखे आले. मित्राने त्या रात्री काढलेले चित्र आज त्याच्या दिवाणखान्यात आहे. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

म्हणून अशा रात्रीसाठीच्या तयारीच्या या यादीत पहिली वस्तू प्लेट आहे, आणि पुढेही ती पुन्हा पुन्हा येणार आहे. प्लेट घेतली की नाही हे आठवून ठरवू नये आणि पिशवीत हात घालून चाचपूनही ठरवू नये. निघण्याच्या आदल्या रात्री कॅमेरा ट्रायपॉडवर प्रत्यक्ष चढवावा, खटका लावावा, ट्रायपॉड पायांना धरून उचलावा आणि जरा हलवावा. कॅमेरा जागच्या जागी राहिला तरच प्लेट आहे असे मानावे. त्याच बनावटीची दुसरी प्लेट विकत घेऊन ती ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला दोरीने बांधून ठेवावी. ‘त्याच बनावटीची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण सगळ्या प्लेटी एकमेकींच्या खाचेत बसतात हा समज माझाही होता. तळाचा स्क्रू बहुतेक कॅमेऱ्यांना सारखाच, पाव इंची असतो, पण वरचे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असू शकते. स्क्रू आवळायला ॲलन की (षटकोनी किल्ली) लागत असेल तर तीही त्याच दोरीत ओवावी.

आता तारीख. अमावास्येच्या आसपास जावे हे सर्वांना ठाऊक असते, परंतु अमावास्येच्या कोणत्या बाजूला जावे याचा विचार फारसे कोणी करत नाही. अमावास्येच्या आधीचे चार-पाच दिवस चंद्र पहाटे उगवतो, म्हणजे संध्याकाळ आणि मध्यरात्र अंधारी मिळते. अमावास्येनंतरचे चार-पाच दिवस चंद्र संध्याकाळीच मावळतो, म्हणजे उत्तररात्र आणि पहाट अंधारी मिळते. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग, म्हणजे धनू आणि वृश्चिक यांच्यामधले तिचे केंद्र, आपल्याकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पहाटे, मार्चमध्ये मध्यरात्र उलटल्यावर आणि एप्रिलच्या मध्याला मध्यरात्रीच्या थोडे आधी आग्नेयेला उगवतो, तर ऑक्टोबरात अंधार पडतो तेव्हा तो नैऋत्येला असतो आणि दोन-अडीच तासांत मावळतो. डिसेंबरात सूर्यच त्या बाजूला असल्यामुळे तो दिसत नाही, आणि पावसाळ्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की मार्चसाठी शुक्ल पक्षाचे पहिले दिवस चालतात आणि ऑक्टोबरसाठी कृष्ण पक्षाचे शेवटचे. शरद ऋतूतली उत्तम काळी रात्र नेमकी लक्ष्मीपूजनाची निघते, ही आपल्या छंदाची जुनी पंचाईत आहे. त्या रात्री घरी थांबावे. आधीचा शनिवार पुरतो.

दिशेची चूक मी केली नाही, पण करताना अनेकांना पाहिले आहे. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. मार्चमध्ये जाऊन कड्यावर आकाशगंगेची कमान मिळेल अशी आशा धरणाऱ्याला तिचे केंद्र पाठीमागे उगवलेले सापडते. कड्याची कडा आणि केंद्र एका चौकटीत हवे असतील तर ऑक्टोबरची संध्याकाळ हाच मार्ग आहे, आणि तिथेही अडचण आहेच: दक्षिणेला पुण्याचा उजेड आणि पश्चिम-नैऋत्येला मुंबई, ठाणे, कल्याणचा. अंधार पूर्ण होतो तेव्हा केंद्र या दोन उजेडांच्या मधल्या पट्ट्यात असते आणि मावळता मावळता मुंबईच्या बाजूच्या पिवळ्या धुरकटपणात शिरते. म्हणजे कामाचा वेळ साधारण सव्वासातपासून साडेआठपर्यंतचा, जेमतेम सव्वा तास. एवढ्या वेळात कागदाच्या घड्या घालून प्लेटी बसवत बसायचे नसेल तर पुन्हा एकदा दोरीकडे पाहावे.

बॅटऱ्या, कार्डे, पाणी, गरम कपडे: घ्यावेत. बॅटऱ्या दोनपेक्षा अधिक असाव्यात आणि जादा बॅटऱ्या सॅकमध्ये न ठेवता अंगावरच्या आतल्या खिशात ठेवाव्यात, कारण थंडीत त्यांचा जोर लवकर ओसरतो. डोक्यावरची विजेरी तांबड्या प्रकाशाची असावी. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या झोताच्या एका फटक्यात ती मेहनत वाया जाते. शिवाय शेजारी कोणी वीस सेकंदांचे चित्र घेत असेल तर त्याचे चित्रही. गडावर मोबाइलचा भरवसा धरू नये, नकाशा घरीच उतरवून घ्यावा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा रात्री राहण्याचे नियम सध्या काय आहेत ते आधी पाचनईत फोन करून विचारावे आणि जे सांगतील ते पाळावे. जेवण गावातच सांगून ठेवावे. पिठलं-भाकरी पिशवीत बांधून घेतल्यास आणखी बरे, कारण कामाचा सव्वा तास आणि चुलीची वेळ एकच असते.

दव हा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण प्लेट असती तरी त्या रात्री दुसरी फजिती ठरलेलीच होती. पाऊस नुकताच संपलेला असतो, गवत कमरेएवढे ओले असते, वारा पडलेला असतो, आणि उघड्या आकाशाकडे तोंड करून ठेवलेले भिंग आपली उष्णता आकाशाला देत देत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग हवेतले बाष्प नेमके तिथेच येऊन बसते. हे इतके हळू होते की कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर ते कळत नाही. तारे जरा मऊ, जरा मोठे, जरा सुंदरच दिसू लागतात, आणि घरी संगणकावर पाहिल्यावर शेवटची चाळीस चित्रे दुधात बुडालेली निघतात. उपाय साधा आहे: भिंगाभोवती गुंडाळायचा यूएसबीवर चालणारा तापपट्टा मिळतो, तो पॉवर बँकेला जोडून पहिल्या चित्राच्या आधीपासून मंद तापत ठेवावा. दव धरल्यानंतर तो लावला तर काच कोरडी व्हायला दहा-पंधरा मिनिटे जातात, आणि रुमालाने पुसले तर पुन्हा दोन मिनिटांत तेच. दर दहा मिनिटांनी तांबड्या उजेडात काच तिरकी पाहावी. पट्ट्याची तार ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने बांधावी, नाहीतर अंधारात पाय अडकून कॅमेरा, ट्रायपॉड आणि प्लेट असे तिघेही एकदम खाली यायचे.

गडावर उजेडात पोहोचावे. सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी कड्यावर असावे, कारण जागा निवडणे, पुढचा खडक किंवा सोनकीची पिवळी झुडपे चौकटीत कुठे ठेवायची हे ठरवणे आणि कड्यापासून किती अंतर राखायचे हे पाहणे, ही तिन्ही कामे अंधारात होत नाहीत. तिसऱ्याबद्दल मी हट्टी आहे. कड्याचा माथा पुढे झुकलेला आहे. ज्यावर आपण उभे असतो त्याच्या खाली काही नसते हे वरून दिसत नाही. मी कडेपासून पंधरा पावले मागे पांढऱ्या दगडांची एक ओळ मांडतो आणि काळोख झाल्यावर त्या ओळीपलीकडे पाऊल टाकत नाही, चौकट कितीही मोहात पाडो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे-पुढे सरकणे तर नाहीच नाही. पायांत बूट घोट्यावरचे असावेत. खडकांच्या कपारीत फुरसे असते.

ट्रायपॉड उजेडातच लावावा आणि कॅमेरा त्यावर उजेडातच चढवावा. म्हणजे प्लेट नसेल तर निदान सूर्यास्ताचे चित्र हातात धरून घेता येईल. माझे तेही गेले, कारण मी ट्रायपॉड सात वाजता उघडला.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, निळसर उजेड शिल्लक असताना, जमिनीचे चित्र आधी घ्यावे: कमी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता), एफ ८ (भिंगाचे तोंड बरेच मिटलेले), लागेल तेवढा वेळ. नंतर ट्रायपॉडला हात न लावता त्याच चौकटीत आकाशाचे चित्र घ्यायचे आणि दोन्ही घरी जोडायची. काही जणांना हे खोटेपणाचे वाटते. मला वाटत नाही, कारण जागा तीच, संध्याकाळ तीच, मधे फक्त एक तास गेलेला असतो. परंतु आकाश एका गडाचे आणि जमीन दुसऱ्याच गावची जोडणाऱ्यांविषयी माझे मत वेगळे आहे. या दोन चित्रांच्या मधे कॅमेरा केसभरही हलता कामा नये, म्हणजे प्लेटचा स्क्रू नुसता असून चालत नाही, आवळलेला असावा लागतो.

फोकस स्वयंचलित ठेवू नये. ऑक्टोबरात वायव्येकडे उंचावर अभिजित तारा ठळक असतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, तो दहापट मोठा करून भिंगाचे फोकसचे कडे हळूहळू फिरवावे, तारा सर्वांत लहान दिसेल तिथे थांबावे आणि त्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाकावी. भिंगाच्या कड्यावरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नये. ट्रायपॉडवर असताना भिंगातील स्थिरीकरण बंद करावे. आकाश तासाला १५ अंश सरकते, म्हणून शटर किती वेळ उघडे ठेवायचे याला मर्यादा आहे: ५०० ला फोकल लेंग्थने (भिंगावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने) भागायचे, ही जुनी रीत. माझ्या दीडपट क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १४ मिमीचे भिंग २१ चे धरले तर उत्तर २४ सेकंद येते, परंतु आजच्या दाट सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबट दिसू लागतात. ५०० च्या जागी ३०० धरून मी १५ सेकंदांच्या आसपास थांबतो. एफ २.८, आयएसओ ३२००, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल). लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर कॅमेरा प्रत्येक चित्रानंतर तितकाच वेळ स्वतःशी काहीतरी करत बसतो आणि आपला सव्वा तास निम्मा होतो. बटण बोटाने दाबू नये. दोन सेकंदांचा टायमर लावावा. एकाच चौकटीची दहा-पंधरा चित्रे घ्यावीत, घरी ती एकावर एक रचली की दाणेदारपणा कमी होतो.

ताऱ्यांच्या वर्तुळरेषा हव्या असतील तर उत्तरेला वळावे. ध्रुव इथून क्षितिजावर फक्त १९ अंश असतो, त्यामुळे वर्तुळे बरीच खाली येतात आणि समोरची डोंगररांग घालायला जागा कमी उरते. तास-दीड तास सलग चित्रे घ्यावीत. दव पाहत राहावे.

नऊनंतर थंडी वाजू लागते, जेवण आठवते आणि माणूस घाई करतो. घाई करावी, पण कार्ड कॅमेऱ्यातून न काढता उतरावे. रात्री उतरू नये, पहाटे उतरावे. घरी आल्यावर कॅमेऱ्याची पिशवी तासभर न उघडता ठेवावी, मग उघडून सगळे कोरडे करावे. चित्रे दोन ठिकाणी उतरवावीत, मग कार्ड पुसावे. बॅटऱ्या भाराव्यात. ट्रायपॉडच्या पायांतली माती काढावी.

प्लेट ट्रायपॉडवरच ठेवावी. बहिणीने मागितली तर तिला दुसरी घेऊन द्यावी.