भुलीचं लोकल इंजेक्शन, आधी वजन मग सिरिंज

गुरांच्या दवाखान्यात नवीन लागलेल्या आणि इंटर्नशिप करणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. पाळीव जनावरांच्या मालकांनी वाचावं जरूर, पण टोचायचं काम डॉक्टरचंच, घरी प्रयोग नको.

लिग्नोकेन, म्हणजे टोचलेल्या जागेपुरती भूल देणारं औषध, इतकं सहज मिळतं की ते जीव घेऊ शकतं हेच लोक विसरतात, पाण्यासारखं भरतात आणि टोचतात. साडेतीनशे-चारशे किलोच्या जर्सी गायीला ते निभावतं, पण तोच हात करडावर नाहीतर मांजरावर चालवला तर जनावर हातातून जातं. म्हणून डोस एमएलमध्ये ठरवायचाच नाही, मिलिग्रॅममध्ये ठरवायचा. २% म्हणजे एका एमएलमध्ये २० मिलिग्रॅम. ब्युपिव्हाकेन हे तसंच दुसरं भुलीचं औषध, ०.५% म्हणजे एमएलला ५ मिलिग्रॅम. लिग्नोकेन कुत्र्याला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको, मांजराला ३ च्या वर नको, शेळी-मेंढीला ५ ही शेवटची रेघ समजा. ब्युपिव्हाकेन कुत्र्याला २, मांजराला १. आणि हा आकडा सगळ्या टोचण्या मिळून आहे बरं का, प्रत्येक जागेला वेगळा नाही. दोन्ही औषधं वापरणार असाल तर एकाचा अर्धा डोस झाला की दुसऱ्याचाही अर्धाच उरतो, कारण विषारीपणाची बेरीज होते.

आता एक हिशोब करून बघू. गोव्यात वाळपईकडच्या एखाद्या फार्मवर करडाची शिंगं डागायची आहेत, करडू ३ किलोचं. ३ गुणिले ५ म्हणजे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २% चं फक्त पाऊण एमएल, तेही दोन्ही शिंगांना मिळून. शेळीच्या प्रत्येक शिंगाला दोन नर्व्ह जातात, म्हणजे चार जागा, आणि पाऊण एमएल चार जागांत पुरवायचं कसं? नॉर्मल सलाइन घालून दुप्पट करा, दीड एमएल होतं, औषध तेवढंच राहतं आणि पसरतं छान. औषध बारीक खुणांच्या १ एमएल सिरिंजने मोजलं की चूक कमी होते. कुणी २ एमएलची सिरिंज भरून उभा असेल तर त्याचा हात धरा, खरंच.

वजन अंदाजाने सांगू नका. कुत्रा, मांजर, करडू काट्यावर ठेवता येतं, गायीला छातीला टेप लावा. आपली श्वेत कपिला, गोव्याची देशी गाय, अंगाने लहान असते, तिला होल्स्टीन क्रॉसच्या मापाने डोस द्यायचा नाही.

सुई आत गेली की दट्ट्या मागे ओढा. रक्त आलं तर बाहेर काढा, जागा बदला. आणि सुई जराशी हलवली तरी परत ओढून बघायचं, एकदाच नाही. ब्युपिव्हाकेन शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं आणि ते परत चालू करणं फार कठीण असतं, म्हणून ते शिरेतून कधीच नाही. खुराच्या ऑपरेशनला पाय आवळून शिरेतून भूल देतो तिथे फक्त साधं, अॅड्रेनलिन नसलेलं लिग्नोकेन, आणि औषध दिल्यावर निदान वीस मिनिटं तरी पट्टा सोडायचा नाही, मग हळूहळू सैल करायचा.

अॅड्रेनलिनवालं लिग्नोकेन कान, शेपटी, सड, पंजा इथे नको, रक्तपुरवठा तुटून तो भाग मरतो. स्पायनलसाठीचं, म्हणजे पाठीच्या कण्यात द्यायच्या भुलीचं, हेवी ब्युपिव्हाकेन मिळतं त्यात डेक्स्ट्रोज असतं, ते टाके घालायला घेऊ नका.

पू झालेल्या जागी औषध नीट चढत नाही कारण तिथली आम्लता जास्त असते. तिथे आणखी ओतत बसायचं नाही, लांबून निरोगी भागात गोल टोचा नाहीतर नर्व्ह पकडा. आणि थांबा! लिग्नोकेनला पाच-दहा मिनिटं लागतात, ब्युपिव्हाकेनला वीसही लागू शकतात. घाईत दुसरा डोस मारला की तिथेच गडबड होते.

अजून एक, झायलोकेन (लिग्नोकेनचंच ब्रँडनाव) आणि झायलाझीन (गुंगीचं वेगळंच औषध) ही नावं गोठ्यातल्या गोंधळात सारखीच ऐकू येतात, म्हणून मदतनिसाकडे मागताना "लिग्नोकेन" म्हणा आणि भरायच्या आधी लेबल मोठ्याने वाचायला सांगा. सिरिंजवरही चिकटपट्टी लावून नाव लिहा. बाटली स्कूटरच्या डिकीत मे महिन्यात तापत ठेवायची नाही, उघडली ती तारीख टाका, गढूळ दिसली तर फेका.

विषबाधा ओळखायची ती आधी ओठ-कान फुरफुरणं, लाळ, अस्वस्थपणा, मग थरथर आणि झटके, त्यानंतर श्वास आणि हृदय. पण नसबंदीच्या कॅम्पमधला कुत्रा पूर्ण भुलीखाली असतो, त्याच्यात ही सुरुवातीची चिन्हं दिसतच नाहीत, म्हणून वृषणात लोकल दिलं की एकाने स्टेथोस्कोप सोडायचा नाही. झटके आले तर औषध बंद, ऑक्सिजन, झटके थांबवायला डायझेपाम किलोला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत शिरेतून. ब्युपिव्हाकेनने हृदय ढेपाळलं तर २०% लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं दुधाळ द्रावण) किलोला १.५ एमएल काही मिनिटांत, मग मिनिटाला ०.२५ एमएल किलोमागे, अर्धा तास, आणि सीपीआर चालूच. ही बाटली माणसांच्या फार्मसीत मिळते, कॅम्पच्या आधीच आणून ठेवा, जनावर कोसळल्यावर धावायला वेळ नसतो.

गायीचं मायांग बाहेर आलं तर शेपटीच्या मुळाशी एपिड्युरल, म्हणजे मणक्यांच्या फटीत द्यायची भूल, शेपटी वरखाली हलवून जो खळगा हलतो तिथे. मोठ्या गायीला २% चं ५ एमएल पुरतं, लहानीला ३. जास्त दिलं तर मागचे पाय लुळे पडतात, आणि पावसात आपल्याकडचे गोठे कसे निसरडे असतात माहितीच आहे, गाय पडली की कंबर मोडते. काम झालं तरी दावं लगेच सोडायला सांगू नका, पायाखाली पेंढा टाका, ती मागच्या पायांवर नीट वजन घेते की नाही बघूनच निघा.