टकिला, लिंबू आणि सोडा: घरच्या घरी एक थंडगार ग्लास

या पेयात मोजून चार-पाच वस्तू. त्यामुळे एक जरी बिनसली, तरी पहिल्याच घोटाला कळतं. बहुतेकदा दोष दारूला दिला जातो. खरा घोळ असतो अंदाजपंचे पिळलेल्या लिंबात नाहीतर अर्धवट वितळलेल्या बर्फात.

३०० ते ३५० मिली मावेल अशा एका उंच ग्लाससाठी:

टकिला ब्लांको – ४५ मिली
लिंबाचा ताजा, गाळलेला रस – २० मिली
साखरेचा पाक – १५ मिली
थंड सोडा – ७५ मिली
मीठ – अगदी लहान चिमूट
बर्फ – हलवण्यासाठी आणि ग्लाससाठी वेगवेगळा

पेग-मेजर नसेल तर मापाचे चमचे घ्या. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ चा. म्हणजे टकिला तीन मोठे चमचे, रस एक मोठा आणि एक छोटा, पाक एक मोठा.

बाटलीवर ‘१०० टक्के अगावे’ असं छापलेलं आहे का, ते आधी बघा. टकिला मेक्सिकोत, निळ्या अगावेपासून होते. ही वनस्पती आपल्या घायपाताच्या कुळातली. तिथल्या नियमांनुसार आंबवण्यासाठी वापरलेली किमान ५१ टक्के साखर अगावेची असावी लागते, उरलेली दुसरी चालते. लेबलवर नुसतं ‘टकिला’ असेल तर ती अशी मिश्र असते आणि साध्या पेयात तिचा उग्रपणा जास्त जाणवतो. ब्लांको पिंपात मुरवलेली नसते, मुरवलीच तर दोन महिन्यांच्या आत बाहेर काढतात, म्हणून तिची हिरवट, मिरीसारखी चव लिंबाशी जुळते. ओकच्या लाकडात दोन महिन्यांहून अधिक काळ राहिलेली रेपोसादो वापरली तर पेय थोडं गोडसर, व्हॅनिलाकडे झुकणारं होतं. आन्येहो, म्हणजे ओकमध्ये किमान वर्षभर मुरवलेली टकिला, मात्र यात ओतू नये, ती नुसतीच प्यावी.

पाक आधी करून ठेवा. १०० ग्रॅम साखर १०० मिली गरम पाण्यात विरघळवायची, उकळायची गरज नाही. फ्रिजमध्ये तो दोन आठवडे सहज टिकतो. कोरडी साखर थेट टाकण्याचा मोह टाळा, थंड दारूत ती नीट विरघळत नाही आणि शेवटचा घोट सरबतासारखा लागतो. अगावे सिरप असेल तर ते जास्त दाट आणि गोड असतं, १० मिली पुरे.

लिंबू फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, मग ओट्यावर तळहाताने दाबत फिरवा; रस जास्त निघतो. पिळताना शेवटच्या थेंबासाठी जोर लावू नका. सालीचा आणि पांढऱ्या आवरणाचा कडवटपणा उतरतो, बिया चिरडल्या तरी तेच होतं. रस त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच वापरा. बाटलीतला रस इथे चालणार नाही, त्याला शिजल्यासारखा वास असतो. आणि पिळून झाल्यावर हात धुवा: लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडलं तर डाग किंवा फोडसुद्धा येऊ शकतात.

आता हलवणं. शेकर नसला तरी घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते. टकिला, रस, पाक आणि मीठ घाला, बरणी दोन-तृतीयांश भरेल इतका बर्फ टाका आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. बाहेरून बरणी हाताला झोंबायला लागली की थांबा. एवढ्या वेळात साधारण २० मिली पाणी सुटतं आणि ते हवंच असतं. त्याशिवाय चव बोचरी राहते. बर्फ मात्र फ्रीझरमधून थेट काढलेला, कोरडा आणि मोठ्या खड्यांचा हवा. ओला, चुरा झालेला बर्फ गारव्याआधी पाणीच देतो. सोडा बरणीत कधीही घालू नका, वायूच्या दाबाने झाकण उडेल.

ग्लास ताज्या बर्फाने भरा, त्यावर मिश्रण गाळून ओता, मग कडेने सोडा. चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. जास्त ढवळलं की बुडबुडे जातात.

काठाला मीठ हवं असेल तर अर्ध्याच काठाला, तेही बाहेरच्या बाजूने, लिंबाची फोड फिरवून लावा. जाडं मीठ घ्या. पिणाऱ्याला प्रत्येक घोटाला खारट लागू नये एवढंच.

आंबट झालं? पाक ५ मिली वाढवा. सोडा ओतून आंबटपणा जात नाही, सगळंच फिकं होतं. बेचव, सपाट वाटलं तर रस ५ मिली वाढवा, कारण सगळी लिंबं सारखी आंबट नसतात. कडवट झालं तर मिठाची आणखी एक चिमूट थोडं सावरते, पण साल जास्त पिळली गेली असेल तर नवा ग्लासच करा.

चौघांसाठी हलवत बसायचं नसेल तर टकिला १८० मिली, रस ८०, पाक ६०, दोन चिमटी मीठ आणि बर्फाच्या पाण्याऐवजी साधं पाणी ८० मिली एकत्र करून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. प्रत्येक ग्लासात १०० मिली मिश्रण, भरपूर बर्फ, वर ७५ मिली सोडा. चव सरबताची असली तरी ४० टक्क्यांच्या टकिलाने प्रत्येक ग्लासात १८ मिली शुद्ध अल्कोहोल जातं, तेव्हा गाडी चालवणाऱ्याला टकिला वगळून तेवढाच लिंबू-सोडा द्या.